वाकलेली सळी

काचेवर सळी घरंगळली आणि मध्येच उडी मारून थांबली. अप्पारावांनी ती पुन्हा ढकलली. पुन्हा तीच उडी.

"मोठा मासा होता, काका," स्टुलावर बसलेला अमेय म्हणाला. "खडकात घुसला, सळी वाकली."

पाण्याखाली मासे मारायच्या बंदुकीची ही स्टीलची सळी अमेयनं पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा मंडी मोहल्ल्यातल्या या दुकानात आणली. पुण्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आलेला तो. सुट्टी मिळाली की कारवारकडे पळायचा. अप्पारावांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण सळी सरळ करणं, टोकाला धार लावणं, माशाला अडकवणारा काटा नव्या रिवेटनं बसवणं ते चुकत चुकत शिकले. लेथवरची बाकीची कामं एकेक करून मोठ्या कारखान्यांकडे गेली होती. सळी तेवढी दर दोन महिन्यांनी यायची.

बऱ्याच खेपांनी आज त्यांनी भिंग लावलं. काट्याच्या सांध्यात पूर्वी मिठाचा पांढरा थर असायचा. आज तिथं त्यांनीच मागच्या खेपेला सोडलेलं तेल तसंच होतं. आणि जिथं सळी वाकली होती, तिथं हिरव्या ऑइलपेंटचे कण.

"समुद्रात हिरवं गेट असतंय काय हो?"

अमेय स्टुलावरून उठला.

"सुम्मने, उगाच वाकवलासा? मुद्दाम?"

"कानाचा पडदा फाटला, काका. गेल्या वर्षी. डॉक्टरांनी पाण्याखाली जाणं कायमचं बंद केलंय." जरा थांबून तो म्हणाला, "तुम्ही वाट बघता, म्हणून..."

वर्षभर! अप्पारावांच्या कानशिलांत रक्त चढलं. दर खेपेला घरी जाऊन ते बायकोला, अन्नपूर्णाला, रंगवून सांगायचे, आपण सरळ केलेल्या सळीनं आता केवढा मासा पडेल ते. ती जेवण वाढता वाढता थांबून ऐकायची.

त्यांनी सळी लाकडी ठोकळ्यांवर ठेवली आणि ते तांब्याच्या हातोडीनं हलके हलके ठोकत राहिले. तासाभरानं ती काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेली. मग त्यांनी टोकही घासलं, काट्यात तेल सोडलं.

"परत वाकवू नका. सारखं वाकवलं की स्टीलचा जीव जातो."

"काका, मी खरंच..."

"साकु," ते म्हणाले. "पुरे आता. घरी ठेवा, पुसत चला."

अमेय सळी चादरीत गुंडाळून, मान खाली घालून स्कूटरकडे गेला. अप्पारावांनी लेथ पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

फोन वाजला. अन्नपूर्णा होती. "अय्यो, दोन वाजले की हो! जेवायला येता का काम आलंय?"

"आलंय काम."

"हौदा? हो का? मग सावकाश या."

पण तिनं फोन ठेवला नाही. अप्पारावांनी तो खांद्याशी धरला, कानस उचलली आणि तिला ऐकू जाईल अशी रिकाम्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यावर घासू लागले.