डावखुरी

बायकोने पाहुण्यांच्या वहीत सही करायला डाव्या हातात पेन घेतलं, तसं शंकासुराने चोरून काउंटरकडे पाहिलं. विमानतळावरच्या लाउंजची बाई काउंटरपलीकडे पडद्यावर काहीतरी वाचत होती. काय वाचतेय ते त्याला पाठ होतं, आणि बायकोला त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

शंकासुर हे नाव कारखान्यांतल्या लोकांनी ठेवलेलं. विमानाने गावोगाव जाऊन बॉयलर तपासायचे हे त्याचं काम. काटा बरोबर असला तरी हा गडी बोटाने दोनदा ठोकून बघणारच. त्यामुळे नेहमीचा प्रवासी म्हणून विमान कंपनीने सगळ्यात वरचं कार्ड दिलं, शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला सुरुवात केली आणि काउंटरवरचा जो तो त्याच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करू लागला, तेव्हा त्याला आनंदाऐवजी संशय आला. सख्खा भाऊ वर्षातून एकदा विचारत नाही, आणि यांना माझ्या गुडघ्याचा एवढा कळवळा? इतकं गोड कुणी फुकट बोलत नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने एक लोणकढी थाप ठेवून दिली. एका काउंटरवर सहज म्हणाला, घरी मुलगी आहे, सात वर्षांची, डावखुरी, सगळ्या भिंती रंगवून ठेवते. थापा मारायची सवय नव्हती, म्हणून डावा हात तेवढा बायकोचा उसना घेतला. तीन आठवड्यांनी भलत्याच शहरात, जन्मात न पाहिलेल्या माणसाने हसून विचारलं,

"काय म्हणतात आमच्या चित्रकार बाई?"

चोर सापडला. सगळं लिहून ठेवतात लेकाचे! विषय तिथेच संपायचा. पण शंकासुराच्या तोंडून निघून गेलं, की आता तिची नजर छतावर आहे. तो माणूस खळखळून हसला आणि याला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. बारा वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून नवरा-बायकोने मुलाचा विषय बंद केला होता. घरात कुणी तो शब्द काढत नसे. इथे मात्र दर खेपेला कुणीतरी तिची चौकशी करत होतं. पुढे तिचा वाढदिवसही ठरला. थेट जाणारं विमान सोडून तो दोन-दोन थांबे घेत याच कंपनीने फिरू लागला, आणि पाणी कुठेतरी मुरतंय हे बायकोच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. या खेपेला मीही येते, एवढंच ती म्हणाली होती.

काउंटरवरच्या बाईने मान वर केली. खाली वाकून तिने रंगांची एक पेटी काढली आणि बायकोपुढे ठेवली.

"परवा नववा वाढदिवस ना तिचा? अजून भिंतींवरच काढते का चित्रं?" मग पेनाकडे बघून ती हसली. "डावखुरेपण आईचंच आलंय म्हणायचं."

सही अर्धीच राहिली. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. याने दुसरीकडे संसार थाटलाय, हा महिनोन् महिने दाबून ठेवलेला संशय तिच्या डोळ्यांत धडधडीत दिसला. चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे शंकासुराचे कान लाल झाले होते. बायको त्या कानांकडे बघत राहिली. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ.

"नाही," ती हळूच म्हणाली. "आता कागदावर काढते."

सही पुरी करून तिने पेटी उचलली. आत कोपऱ्यातल्या सोफ्यावर दोघं बसली. तो म्हणाला, मी सांगणारच होतो, नुसती परीक्षा बघत होतो त्यांची. तिने ते ऐकलंच नसावं. पेटी उघडून ती एकेका रंगावरून बोट फिरवत होती. तिचे डोळे भरून आले होते, तरी आवाज नेहमीसारखाच होता.

"अजून काय काय सांगितलंय तिच्याबद्दल?"

तो गुडघा चोळू लागला.

"सगळं सांगा," ती म्हणाली. "परतताना माझं काही चुकायला नको."