द्राक्षबागेत गेलेलं कॉलेज

आंबेपाड्याचं सरकारी कॉलेज कुणी घालवलं असं विचारा, पाड्यावरची माणसं सहादूकडं बोट दाखवतील. दाखवोत बापडी! खरं काय घडलं ते सहादूला ठाऊक, आणि ज्यानं घडवलं त्याला.

कॉलेज आलं चौऱ्याण्णव साली. हरसूलच्याही आत, जिथं एसटीसुद्धा मनात आलं तरच यायची. सरकारनं मंजुरी दिली आणि इमारतीचं तेवढं विसरून गेलं. मग पाड्यानंच गावठाणातली जागा दिली, कुडाच्या भिंती उभ्या केल्या, वर कौलं चढवली. सहादू घरोघर फिरला. कुणाच्या हातापाया पडला, कुणाला शिव्या घातल्या, पण काम पुरं करून घेतलं. कारण एकच. त्याची सविता तेव्हा पाचवीत होती, आणि तिला नाशिकला ठेवून शिकवणं त्याला या जन्मात जमणारं नव्हतं.

रंगनाथ सर पहिल्या दिवसापासूनचे. मूळचे निफाडकडचे, घरचे बागाईतदार. इथं राहायला खोली मिळेना, तर सहादूनं त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. दोन वर्षं त्यांनी चंद्रभागेच्या, म्हणजे सहादूच्या बायकोच्या, हातची नागलीची भाकर खाल्ली. दिवाळीला घरी गेलेले सर भाऊबीजेला मुद्दाम परत यायचे, तिच्याकडून ओवाळून घ्यायला. आता अशा माणसाला परकं कोण म्हणेल?

कॉलेजची अडचण एकच होती. भात निघालं, दिवाळी सरली, की अख्खा पाडा निफाडला द्राक्षाच्या कामाला. पोरंपोरीही सोबत. होळीपर्यंत वर्गात चिटपाखरू नाही. तेव्हा सरांनीच युक्ती काढली. "पोरं कॉलेजात येत नाहीत, तर कॉलेज पोरांकडं जाईल," म्हणाले. एका बागेच्या कडेला मजुरांच्या टोळीनं पत्र्याची शेड ठोकली. दिवसभर कात्रीनं घडांची विरळणी करायची आणि उन्हं कलली की हातपाय धुऊन अर्थशास्त्राला बसायचं. हजेरीही तिथंच लागायची. पावसात पाड्यावर, थंडीत बागेत, असं वर्षानुवर्षं चाललं आणि छान चाललं. पोरं पास झाली. त्यातला एक तलाठी झाला, तेव्हा सहादू असा मिरवत होता की जणू खुर्ची यालाच मिळाली.

दोन हजार चारच्या जानेवारीत सरकारी समिती यायची होती, कॉलेज ठेवायचं की बंद करायचं ते ठरवायला. सविता तेव्हा दुसऱ्या वर्षाला. आदल्या दिवशी सर शेडवर आले.

"सहादूभाऊ, उद्या तुम्हीच बोला. पोरं इथं किती छान शिकतात ते जीव तोडून सांगा. पाड्याचं कौतुक नको, नाहीतर बंद करतील."

सरांचा शब्द! सहादूनं मान डोलावली.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "मुलांचं शिक्षण इथं बरं होतं की गावाकडं?"

"इथंच, बाई! गावाकडं लाइट नाय, मास्तर टिकत नाय, पावसात कौलं गळत्यात. इथं लय बेस चाललंय." सहादूला थांबवता थांबवेना. सर कौतुकानं हसले आणि तो अगदी भरून पावला.

जूनमध्ये पाड्यावर ट्रक आला. पालकांच्या मागणीवरून कॉलेज निफाडला हलवत आहोत, असं वरून कळवलं होतं. मागणी कुणाची? सहादूची! म्हातारी झुंबरबाई, जिच्या दोन नाती त्या वर्षी कॉलेजात जाणार होत्या, चारचौघांत त्याच्या तोंडावर म्हणाली, "इकलंस रे आमाला!"

सहादू ट्रककडं धावला. "सर, सांगा ना यांना. तुमीच मला बोलाया लावलं."

सरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तुम्ही खोटं बोललात का? नाही ना? मग झालं. मीही किती वर्षं इथं कुजायचं, सहादूभाऊ? मला घरदार नाही?"

अरे, मग आधी बोलायचं होतंस की! सरळ बदली मागितली असती, तर चंद्रभागेनं रडत का होईना, वाटेसाठी भाकरी बांधून दिली असती. स्वतः जायचं होतं तर जायचं, अख्खं कॉलेज कशाला न्यायचं? आणि तेही सहादूच्या तोंडून?

दिवाळीनंतर टोळी निफाडला आली. सहादू सविताला घेऊन नव्या इमारतीत गेला. नाक मुठीत धरून गेला, पण पोरीचं एकच वर्ष राहिलं होतं. सर आता खुर्चीत होते, डोक्यावर पंखा होता.

"सर, हिला शेवटच्या वर्षाला बसवा. होळीपर्यंत आमी हितंच हाय."

"जूनपासून हजेरी नाही तिची. नियम आहे, काय करणार?"

"हितली हजेरी तुमीच तर लावत व्हता."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा मुलं मिळत नव्हती."

सहादू टेबलाजवळ सरकला. "मग त्या समितीला पुन्यांदा बोलवा. म्या आता खरं काय ते सांगतो."

"समिती आता कशाला येईल? इथं सगळं ठीक आहे. बसा, चहा सांगतो."

सविता केव्हाच उठली होती. "बा, चल. टोळी खोळंबली आसंल."

सहादू उठला. दाराशी वळून त्यानं सवयीनं हात जोडले. "येतो, सर."

बाहेर आल्यावर सविता थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "अजून सर म्हणतोस व्हय त्यांना?"

दुसरं काय म्हणायचं, ते सहादूला खरंच माहीत नव्हतं.