दुर्गाबाईंची बरणी आणि मिरचीची बिअर

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे. अंगाने पांढरी, गळ्याशी तपकिरी आणि स्वभावाने जरा तोऱ्याची. मित्रांनो, भट्टीतून तावून निघालेल्यांना थोडा तोरा शोभतो.

रिद्धपूरच्या यात्रेतून दुर्गाबाईंनी मला घेतलं आणि एसटीत मांडीवर बसवून वरूडजवळच्या आपल्या घरी आणलं. शेजारची बाई म्हणाली, खाली ठेवा ना. तर या म्हणाल्या, "राहू द्या, पोरगी हाये माही." तेव्हापासून मी त्यांची झाले.

कित्येक वर्षं मी कैरीचं लोणचं सांभाळलं. दर उन्हाळ्यात त्या मला धुऊन उन्हात ठेवत, निखाऱ्यावर हिंग टाकून धुरी देत आणि आतून तेलाचा हात फिरवत. लोणच्याला कधी बुरशी शिवली नाही. पाहुणे फोड चाखून नाव काढत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. मग हलक्या प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

दुर्गाबाईंचा मुलगा गोपाल अमरावतीच्या एका हॉटेलात बिअर बनवतो. तिथल्याच टाक्यांत मुरवलेली, ताजी. तुमच्यातल्या लहानांनी फक्त गोष्ट चाखावी! दुर्गाबाईंना हे काम मुळीच पसंत नव्हतं. घरात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे.

एका रविवारी गोपाल म्हणाला, "माय, आपली मिरची भाजून बिअरमधी भिजवून पाहाची हाये. मोठी बरणी देतं का?"

 दुर्गाबाईंनी मला माळ्यावरून काढलं, लाल मिरची निवडून दिली आणि गोपाल आंघोळीला गेला तेव्हा मला धुऊन-पुसून, नेहमीसारखी धुरी देऊन तेलाचा हात फिरवला. लेकाच्या कामाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता. मला केवढा आनंद झाला!

अमरावतीत माझ्यात मिरची मुरली आणि तिचा अर्क थोड्याशा बिअरमध्ये मिसळला. मालक ओमप्रकाशजींनी घोट घेतला. "चटका मस्त हाय. पन फेस कुठं गेला? अन् हा वास... हिंग टाकलं काय बे?"

गोपालने माझ्यात नाक घातलं आणि त्याला सगळं उमगलं. हिंगाचा वास उतरला होता आणि तेलाने फेस मारला होता. तेवढ्यात दुर्गाबाईंचा फोन आला. "बरणी कामी आली ना रे?"

"झकास, माय," गोपाल म्हणाला.

"मंग घेऊन ये. अजून चांगली धुरी देतो."

झालं! पुढच्या रविवारी त्यांनी हौसेने निखारे फुलवले. गोपाल घुटमळला. आता खरं बोलावं, तर आई पुन्हा या कामाकडे पाठ फिरवील. न बोलावं, तर बिअर पुन्हा वाया. शेवटी तो म्हणाला, "धुरी नको, माय," आणि त्याने सगळं सांगितलं.

दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. "फोनवर तं झकास म्हनलं?"

"तुले वाईट वाटीन म्हून."

"वाईट तं आता वाटून राहिलं. मी काय पाहुनी हावो, गोड बोलाले?"

त्यांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं. मग बेसन लावून, कढत पाण्याने मला इतकं घासलं, इतकं घासलं, की माझा तोरा उतरला. वास मात्र गेला.

दुसऱ्या खेपेला दुर्गाबाई स्वतः अमरावतीला आल्या. गोपालने ओतलेल्या ग्लासात जाड फेस उभा राहिला. मालक खूश झाले. दुर्गाबाईंनी तळहातावर थेंब घेतला, भाजीचं मीठ पाहावं तसा चाटला आणि तोंड वाकडं केलं.

"मले नाई आवडली. कडू हाये. अन् मिरची करपली तुही. पुढच्या वेळेस मी भाजून देतो."

मालकांची शाबासकी मिळाल्यावरही जो हसला नव्हता, तो गोपाल आता खदखदून हसला.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना अडगळीत टाकू नका. धुवा, उन्हात ठेवा, वापरा. आणि तुमच्यासाठी कोणी मायेने काही करताना चुकलं, तर ते त्यांनाच सांगा. आपल्या माणसाला तेवढं तर कळायला हवं.