उजव्या हाताची दोन बोटं

११ नोव्हेंबर १९५६, रविवार, सकाळचे साडेदहा. राजपुऱ्यातल्या देवीच्या मंडपात धुरपदाबाईने उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट देवीच्या दोन चांदीच्या पादुकांवर टेकवलं, आणि काहीच झालं नाही.

तिच्याआधी बत्तीस जणांनी तीच दोन बोटं टेकवली होती आणि बत्तीसही जण ओरडत मागे सरकले होते. चुडामण पाटलांची तर टोपी उडाली होती. आठवड्यापूर्वी देवीची नथ नाहीशी झाली, तेव्हा त्यांनीच चैतन्यनाथ महाराजांना बोलावलं होतं. महाराजांचा न्याय सरळ होता: निर्दोष माणसाला देवी झटका देऊन आपलं म्हणते, चोराला ती शिवत नाही.

"देखो भक्तजनो!" महाराज गरजले. "दहा दिवसांपूर्वी राज्य बदललं, आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण माईची कचेरी हलली नाही. इथं ना वकील, ना तारीख. माईने मुँह फेर लिया!"

देवळाची झाडलोट धुरपदाबाईच करायची. गाभारा पहाटे उघडायचा तोही तिनेच. "मले खरंच काई नई लागलं," ती म्हणाली. खरं बोलली, तोच पुरावा ठरला.

"नथ काढ, नाहीतर आजच्या आज राजपुरा सोड," पाटील म्हणाले. शेजारच्या मालूबाईने तिचा दंड पकडला. आणखी तिघी सरसावल्या.

धर्मादाय दवाखान्यातली नर्स निर्मला मागे उभी होती. सकाळपासून एकही रोगी फिरकला नाही, म्हणून ती बघायला आली होती. तिची नजर धुरपदाबाईच्या बोटांवर गेली. त्या दोन बोटांवर भाजल्याचे डाग होते. श्रावणात निर्मलानेच त्यांना पट्टी बांधली होती. तवा कधी लागला ते कळलंच नाही, असं धुरपदाबाई तेव्हा म्हणाली होती. "लक्ष कुठं असतं तुमचं?" म्हणून निर्मला हसली होती. ते हसू आता तिला टोचलं.

ती पुढे झाली. "महाराज, हिचा डावा हात लावून पाहू द्या."

"डावा? देवीला? नर्सबाई, शास्त्र काय म्हणतं..."

"चोर ही अख्खी बाई आहे, की नुसता उजवा हात?"

केळीच्या गाड्या भरणारा लोटू हमाल मोठ्याने हसला. "बराबर आहे ना! नथ डाव्यानं बी उचलता येते."

पाटलांना नाही म्हणवेना. धुरपदाबाईने डाव्या हाताची तीच दोन बोटं टेकवली आणि "आई वं!" करत मालूबाईच्या अंगावर आदळली.

"घ्या," निर्मला म्हणाली. "डावा निर्दोष सुटला. उजव्याला एकट्याला गावाबाहेर कसं काढायचं, ते पंचांनी सांगावं."

"माई की लीला!" महाराज घाईने म्हणाले. पादुकांमागे मांडीवर शाल पसरून बसलेल्या त्यांच्या चेल्याने, गजाननने, जयघोषाचा आवाज चढवला. पण त्याखालून भुंग्यासारखी गुणगुण येतच होती. महाराज तिला ओंकार म्हणायचे. निर्मलाने ती दवाखान्यात ऐकली होती.

"भाऊ, जरा उठता?"

"मेरा आसन लगा है."

लोटूने आसनासकट त्याला उचलून बाजूला ठेवलं. शालीखाली लाकडी पेटी निघाली. आत बॅटरी, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि चटईखालून पादुकांकडे गेलेल्या दोन तारा.

"संधिवातावर झटके द्यायची पेटी आहे ही," निर्मला म्हणाली. "वीज एका पादुकेतून एका बोटात शिरते, दुसऱ्या बोटातून दुसऱ्या पादुकेत जाते. गुडघ्याने खटका दाबला की देवी प्रसन्न."

"मग हिच्या उजव्याला का नाही?" पाटलांनी विचारलं.

निर्मलाने धुरपदाबाईला डोळे मिटायला लावले. पूजेच्या ताटातल्या वातीचा कापूस सोडवला आणि अंगठ्यावर फिरवला. "लागलं," धुरपदाबाई म्हणाली. करंगळीवर फिरवला. उत्तर नाही. करंगळीला चहाचा गरम पेला टेकवला, मग गार तांब्या.

"लावलं का बाई तुम्ही?" तिने विचारलं.

हातावर फिकट चट्टा होता. कोपराच्या आतल्या बाजूची नस दोरीसारखी जाड लागत होती.

"या बोटांची जाणीव वाहणारी नस बिघडली आहे. विस्तव कळत नाही, तिथं वीज काय कळणार? हा रोग आहे, पाप नाही. आणि याला गोळ्या आहेत." रोगाचं नाव तिने मुद्दाम घेतलं नाही.

"महारोग!" मालूबाईने ते घेतलं.

चोर म्हणून धरायला चौघी धावल्या होत्या. आता जवळ एकही उरली नाही. महाराजही दोन पावलं सरकले.

निर्मलाने ती दोन बोटं आपल्या मुठीत घेतली. "बत्तीस जणांनी झटका खाल्ला, पण चटई उचलून एकानेही पाहिलं नाही. निदान आता तरी आधी विचारा, मग घाबरा. आणि ज्याला कुठं बधिर चट्टा असेल, त्याने उद्या दवाखान्यात यावं. देवीपुढे नाही."

महाराज दुपारच्या गाडीने गेले. पेटी ठाण्यात जमा आहे. तिचे कागद नागपूरला पाठवायचे की भोपाळला, हे ठरायचं आहे. नथ सापडलेली नाही. डॉक्टरांनी तपासून निदान पक्कं केलं, गोळ्या सुरू झाल्या. झाडलोट पुन्हा धुरपदाबाईकडे द्यायची का, यासाठी पंचांची बैठक तीनदा ठरली आणि तीनदा पुढे गेली. चट्टा दाखवायला मात्र पाच जण येऊन गेले. पहिली आली मालूबाई, तोंडावर पदर घेऊन.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी निर्मलाने पुन्हा कापूस फिरवला. करंगळी गप्पच होती. शेजारच्या बोटाशी धुरपदाबाई मिटल्या डोळ्यांनी थबकली.

"लागलं वाटते," ती म्हणाली. "परत लावा बरं."