दहावं घर

वादळ गेल्यावर गावात भाव होता तो एकट्या सुताराला. शेतात, ओढ्यात, कुठे कुठे झाडांवर जाऊन बसलेले पत्रे लोकांनी गोळा करून आणले आणि त्याने आठ दिवसांत नऊ घरांवर छप्पर चढवलं. दहावं घर त्याचं स्वतःचं. तिथवर येईतो पत्रेच संपले. त्याची म्हातारी आई फाटक्या ताडपत्रीखाली खोकत पडली होती. बायकोने बोलणं टाकलं होतं. टाकण्याआधी एवढंच म्हणाली, "गावाला पुरून उरलात तर घरी या."

नवव्या दिवशी मदत वाटपाचा साहेब आला. मान वर करून त्याने छपरं पाहिली.

"एकच घर उघडं? नियमाने निदान दहा तरी हवीत."

"बाकीची आम्हीच दुरुस्त केली, साहेब," सुतार म्हणाला.

"कुणी सांगितलं होतं?"

साहेब माणूस वाईट नव्हता, नियमाबाहेर त्याला काही दिसत नव्हतं एवढंच. परवा शेवटची फेरी आहे, तेव्हा बघू, असं सांगून तो गेला.

गावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोस्टमन म्हणाला, "दोन दिवसांचा तर प्रश्न. आपापली छपरं उतरवू. दहा घरं उघडी दिसली की पत्रे मंजूर. म्हातारीच्या डोक्यावर छप्पर येईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उतरवायची कुणी? अर्थात सुतारानेच, दुसऱ्या कुणी उपटले तर पत्रे फाटणार. आपलं काम किती चिवट आहे हे त्याला तेव्हा कळलं. एकेक खिळा जिवावर उठला होता. निघालेले पत्रे साहेबाच्या नजरेस पडू नयेत म्हणून लोक ते सुताराच्या परसात नेऊन टाकत होते. बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नाही. बोलणंच बंद, तर सांगणार कसं?

ठरल्या दिवशी सकाळी साहेब आला आणि बोटाने मोजू लागला. नऊवर त्याचं बोट थांबलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सुताराच्या घरावर नीट छप्पर होतं. वर त्याची बायको शेवटचा खिळा ठोकत होती आणि तिची जाऊबाई खालून शिडी धरून उभी होती. आदल्या रात्रभर गावात ठोकाठोक चाललेली, सुतार घराकडे फिरकलाही नव्हता; अंधारात हिची ठोकाठोक कुणाला कळणार?

"परसात एवढे पत्रे आणून टाकलेत," ती वरूनच म्हणाली, "मला वाटलं, एकदाची अक्कल आली!"

साहेबाने गाव यादीतून कमी केलं आणि तो निघून गेला.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. नऊ घरांची माणसं गाठोडी घेऊन सुताराच्या घरात शिरली. सुताराला कुणाकडे बघवेना. वरचे पत्रे पोस्टमनचे आहेत हे त्याने रंगावरून ओळखलं होतं.

"उद्या पहिल्यांदा तुमचे उतरवतो," तो म्हणाला.

पोस्टमनने खाटेकडे पाहिलं. एवढ्या गर्दीगोंधळातही म्हातारी गाढ झोपली होती, वादळानंतर पहिल्यांदाच.

"राहू दे. उद्यापासून बाकीच्यांची घरं कर. माझं शेवटी घे."

शेवटच्या घरापर्यंत पत्रे पुरत नाहीत, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पोस्टमनलाही.