मारुतरावांची स्पेशल थाळी

माझ्या धंद्याचं दरपत्रक आईच्या खानावळीतून आलं. चाकणजवळ निघोज्यात खाली तिची खानावळ, वरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. ऑनलाइन गेम खेळणारे लोक त्यांचं पात्र माझ्याकडे सोपवतात, मी ते खेळून वाढवते आणि परत देते. सुरुवातीला लेवलप्रमाणे रेट लावले होते, तर गिऱ्हाइकं इतकी घासाघीस करायची की डोकं फिरायचं. मग एक दिवस खालचा फळा बघितला आणि तसंच लिहून टाकलं. राइस प्लेट म्हणजे विसाव्या लेवलपर्यंत. फुल थाळी म्हणजे पस्तीस, सोबत तलवार आणि चिलखत. स्पेशल थाळी म्हणजे थेट पन्नास, घोड्यासकट. माझी बहुतेक गिऱ्हाइकं चाकणच्या कंपन्यांमधली पोरं, रोज खानावळीत जेवणारी. थाळीचा भाव पाडून मागायची त्यांना सवयच नाही, त्यामुळे घासाघीस बंद झाली.

आईला अजून वाटतं मी डेटा एंट्री करते. "आमच्या जयमालाचं काम बसून हाय," ती येईल त्याला सांगते, "पर डोळं जात्यात पोरीचं." मीही तिला काही समजावत बसले नाही.

धंद्यात माझा नियम एकच. गिऱ्हाइकाच्या खात्यात शिरल्यावर कुणी काही विचारलं, तरी उत्तर द्यायचं नाही. हातपाय मी हलवणार, तोंड ज्याचं त्याचं.

मारुतराव आले तेव्हा मला वाटलं, खोली भाड्यानं बघायला आलेत. पिकलेल्या मिशा, हातात हेल्मेट, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. पत्ता त्यांना कंपनीच्या प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागातल्या, पोरांनी दिला होता.

"ताई, मला ती स्पेशल पाहिजे," ते म्हणाले.

"काका, तुम्ही खेळता?"

"नाही ओ. मला कुठं येतंय."

मग हेल्मेट या हातातून त्या हातात करत त्यांनी सांगितलं. मूळचे लातूरकडचे, आता मोशीत घर. मुलगी तनुजा हिंजवडीला आयटीत. तिला नवरा मिळाला तो याच गेममध्ये, अमरावतीचा मुलगा. "गेममधला नवरा म्हणजे काय ओ, म्हणलो मी. लई बोललो. लग्नालाबी गेलो नाही." तेव्हापासून बाप-लेकीचं बोलणं बंद. ती गेम मात्र अजून खेळते, आणि तिच्या गटात पन्नासच्या खालच्याला घेत नाहीत.

"फोन करा ना सरळ," मी म्हणाले. मला रागच आला होता. पोरीच्या लग्नाला न जाणारा माणूस माझ्याकडून घोडा मागतोय.

"फोन करायला तोंड नाही राहिलं, ताई. तिथं तरी तिच्या दारात उभं राहावं म्हणलं. तिनं आत घेतलं तर घेतलं."

माझा राग तिथेच गळाला. खरं सांगायचं तर डोळेही भरून आले, पण धंदा म्हणून मी पासवर्ड मागितला.

त्यांचं पात्र तनुजानंच कॉलेजात असताना बनवलं होतं. नाव 'पप्पा लातूरकर'. मी खातं उघडलं तर पप्पा लातूरकर चौथ्या लेवलवर, विहिरीत. पहिल्या गावाच्या वेशीवर एक बिनकठड्याची विहीर आहे. नवखे सगळेच तीत पडतात आणि कडेच्या पायऱ्यांनी वर येतात. हा गडी इतकी वर्षं आतच उभा होता.

"पायऱ्या दिसल्याच नाहीत मला," मारुतराव म्हणाले. "तनू हसून हसून लोळायची. मग ती वर काढायची, मी परत पडायचो."

तो आठवडा त्यांच्या सेकंड शिफ्टचा होता. एकच खातं दोघांनी उघडलं तर ते बंद पडतं, म्हणून मी दुपारी खेळायचं ठरवलं, कारण तीननंतर त्यांचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये असायचा. एरवी मी काम उरकते, हे मात्र जीव लावून केलं. चिलखत चांगलं निवडलं. घोडा पांढरा घेतला, कारण वरातीला पांढराच असतो, असं काहीतरी डोक्यात आलं.

शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला पन्नासावी लेवल झाली. तिथे थांबायला हवं होतं. गटात घेण्याची विनंती रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मारुतराव स्वतः पाठवणार होते. पण मला कसला धीर. स्पेशल थाळीत गोड लागतंच, म्हणत मीच विनंतीचं बटण दाबलं.

लगेच तनुजाचा मेसेज आला. "कोण आहे?"

नियमाप्रमाणे मी गप्प.

"हे माझ्या वडिलांचं खातं आहे. या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट आहे. आत्ता फोन लॉकरमध्ये असणार. तुम्ही कोण बोलताय?"

मी हात मांडीखाली घेऊन बसले.

"त्यांचा फोन चोरीला गेलाय का? त्यांना काही झालंय का? प्लीज सांगा."

आता मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी नियम गुंडाळून ठेवला आणि सगळं लिहिलं. मी कोण, रेट कसले, वडील माझ्याकडे का आले, दाराशी उभं राहण्याचं ते काय म्हणाले, सगळं. मग एकच ओळ आली, "पप्पांना विहिरीतून बाहेर येता येत नाही. ते पन्नासवर काय करणार?" आणि विनंती नाकारली गेली.

त्या रात्री मी जेवले नाही. "डोळं दुखत्यात का?" आईनं विचारलं. मी हो म्हणाले.

रविवारी सकाळी मारुतराव आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू लेकीच्या सासरी निघालेत. आईनं पोहे पुढे ठेवले. ती आत गेल्यावर मी कालचं सांगितलं, माझी घाई आणि तिचा नकार, काहीही न लपवता.

"बरं," ते म्हणाले. प्लेट थोडी बाजूला सारली. "नाही म्हणली तर नाही. तुमचा काय दोष त्याच्यात."

"काका, अजून एक. माझी चोरी तिनं पकडली ती तुमच्या शिफ्टवरनं. या आठवड्यात सेकंड, हे तिला माहीत होतं."

"असं कसं होईल? आमचं रोटेशन मागच्या वर्षी बदललं. ती घरातनं गेल्यावर. तिच्या आईनं सांगितलं असंल."

"सांगितलं असेल. पण कुणीतरी विचारलं असेल, तेव्हाच ना?"

मारुतरावांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि फळ्याकडे बघत बसले, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गेममधला निरोप होता. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "पप्पा, नवीन पात्र काढा. पन्नासवाल्याला पहिल्या गावात येता येत नाही. मी पण नवीन काढलंय. विहिरीपाशी थांबलेय."

म्हणजे माझी आठवडाभराची मेहनत, चिलखत, पांढरा घोडा, सगळं वाया. इतका आनंद मला आजवर एकाही कामाचा झाला नव्हता.

"काढून देता का, ताई? आणि पहिल्या लेवलचा रेट काय?"

"ही थाळी आमच्याकडे नाही मिळत, काका. बसा इथं, स्वतः काढा. मी नुसतं दाखवते."

त्यांनी एका बोटानं नाव टाकलं, बटणं दाबली. नवा पप्पा लातूरकर वेशीवर अवतरला, अंगात साधी बंडी, हातात काठी. विहिरीपाशी तशाच बंडीतली एक मुलगी उभी होती. मारुतराव घाईनं तिच्याकडे निघाले आणि सरळ विहिरीत पडले.

मुलगी काठावर आली. वाकून बघितलं. मग तिनंही आत उडी मारली.

दोघं पाण्यात समोरासमोर उभे राहिले. मारुतरावांचं बोट अक्षरांवर नुसतं फिरत होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, "उद्यापासून फर्स्ट शिफ्ट आहे."

"माहितीये," तनुजानं लिहिलं. "चारपर्यंत घरी पोचता. पाचला इथंच या."