हिरव्याच्या शेजारचा लाल दिवा

मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. रुग्णालयाच्या तळमजल्यावरचं औषधभांडार. थंड कपाटातल्या बत्तीस कुप्या कोमट झालेल्या सापडल्या.

मी त्याच कपाटाच्या कपाळावरचा लाल दिवा बोलतोय. त्या दिवशी मी पेटलो नाही, आणि तेच आता एका बाईच्या नोकरीवर बेतलंय.

आम्ही दोघं एकाच पट्टीवर जन्मलो, मी आणि हिरवा. कपाट चालवणाऱ्या संगणक-यंत्राच्या प्रणालीच्या मुळाशी कर्नल नावाचा प्रोग्राम असतो. कोणत्या दिव्याने कशासाठी पेटायचं, हे एका फाइलीत वाचून तो आम्हाला कामाला लावतो. मला काम मिळालं गारवा कमी झाला की ओरडायचं. हिरव्याला मिळालं नुसतं लुकलुकायचं: दोन ठोके, जरा उसंत, परत दोन ठोके. कर्नल जागा आहे, एवढंच त्याला सांगायचं असतं. आतली औषधं गार आहेत की उकडताहेत, त्याच्याशी त्याला काडीचंही देणंघेणं नाही.

पण लाड कुणाचे? त्याचे! पुसणाऱ्या मावशी फडकं आधी त्याच्यावर फिरवायच्या. "कसा बाळासारखा धडधडतोय बघा," म्हणायच्या. मी सहा वर्षांत चारदा पेटलो, चारही वेळा खरं बोललो, आणि चारही वेळा शिव्या खाल्ल्या. हो, मी जळायचो त्याच्यावर. लपवून काय करू?

मग तपासणीचा दिवस उजाडला. सकाळपासून कपाटात सामान लावणं चाललेलं, दार सारखं उघडं, म्हणून मी पेटलेला. अधीक्षक आले.

"हा लाल डोळा कुणावर वटारलाय?"

"दार उघडंय ना साहेब," यंत्रवाला म्हणाला. "लावलं की जाईल थोड्या वेळात."

"पाहुणे जिन्यात आलेत! आत्ता घालव."

यंत्रवाल्याने माझ्या नावापुढचं काम पुसून 'काही नाही' असं लिहिलं. चालू यंत्रात तेवढ्यापुरतं लिहिलं असतं, तर पुढच्या बंद-चालूला मी आपोआप परत आलो असतो. पण यंत्र पुन्हा सुरू केलं आणि पाहुण्यांसमोर मी पेटलो तर? म्हणून पठ्ठ्याने सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या फाइलीतच लिहून टाकलं.

"अहो, नंतर परत लावाल ना?" भांडार सांभाळणाऱ्या ताईंनी विचारलं.

"लावतो हो ताई. दोन मिनिटांचं काम."

"तुमची दोन मिनिटं मला माहितीयत."

ती दोन मिनिटं अजून यायचीत.

मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास गारवा करणारं यंत्र बंद पडलं. तापमानाचा आकडा आतल्या खणात, आणि कामाशिवाय दार उघडायचं नाही असा नियम. ताईंनी दोनदा वर पाहिलं. हिरवा धडधडत होता, मी विझलेला; मला एव्हाना परत लावलं असणार, असं त्या धरून चालल्या होत्या. तीनला वॉर्डातून मागणी आली, त्यांनी कुपी हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला.

खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. कळू दे सगळ्यांना हा लाडका किती खोटा आहे ते! पण मग ताई स्टुलावर बसल्या. कुपी मुठीत धरून तशाच बसून राहिल्या, आणि मला माझीच लाज वाटली.

चौकशी भरली. तिथेसुद्धा साक्ष हिरव्याचीच! चौकशी अधिकारी ताईंना म्हणाले,

"यंत्र चालू होतं. हिरवा दिवा तुम्हीच पाहिलात. लाल लागला नाही, म्हणजे तोवर बिघाड नव्हता, गारवा नंतर गेला. कुप्या तुम्हीच बाहेर विसरलात."

"साहेब, तो लाल दिवा बंद करून ठेवलाय."

"कुणी?"

ताईंनी यंत्रवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, तोंडी हुकूम होता. अधीक्षक म्हणाले, "दिव्यांकडे बघायला मला वेळ कुठे असतो?" फाइल उघडून बघायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. एकोणीस वर्षं भांडार सांभाळणाऱ्या बाईला घरी बसवलं, निकाल लागेपर्यंत.

मी अजून तसाच आहे, विझलेला. गारवा करणारं नवं यंत्र बसवलं, कपाट पुन्हा भरलं. ताईंच्या जागी आलेला माणूस हिरव्याकडे बघतो आणि समाधानाने मान हलवतो.

आणि तपासणीच्या त्याच सकाळी, वेळ वाचावा म्हणून, यंत्रवाल्याने तीच फाइल वरच्या मजल्यांवरच्या आणखी नऊ कपाटांत उतरवली होती. त्यातलं एक रक्तपेढीत आहे.